तलावाच्या पाण्यातील दिवा

कावेरीवरील शिवसमुद्रम् येथे १९०२ साली निर्माण होऊ लागलेली वीज १९०५ साली बंगळूरच्या रस्त्यांवर उजळली. आज त्या शहरातील काही घरांच्या पोहण्याच्या तलावांत ती पाण्याखालीही उजळते. तेथील दिवा निकामी झाला, तर त्याच्या जागी दुसरा निवडताना उजेडाचा विचार मागाहून करावा. ओल्या त्वचेचा विद्युत्‌रोध पुष्कळ घटतो. २३० व्होल्टच्या तारेतून वीज पाण्यात झिरपल्यास पोहणाऱ्याचे स्नायू आखडतात व तो बुडू शकतो. यास्तव दिवा १२ व्होल्टचा असावा आणि तलावापासून दूर बसविलेल्या, मुख्य पुरवठ्यापासून विलग असणाऱ्या रोहित्रावर चालावा.

दिव्यावरील ‘आयपी ६८’ या खुणेतील सहा हा अंक धुळीपासूनचे संरक्षण दर्शवितो, तर आठ हा सतत बुडून राहण्याची क्षमता. खोली मात्र निर्मात्याने नमूद केलेली पाहावी. पाणी शिरते ते बहुधा कडक झालेल्या रबरी कड्यातून. दिवा उघडला की कडे नवेच घालावे. येथे काटकसर महाग पडते. राळेने भरलेल्या दिव्यात ही अडचण नाही, परंतु बिघडल्यास तो संपूर्ण बदलावा लागतो.

जुन्या हॅलोजन दिव्याऐवजी एलईडी दिवा घेतल्यास वीज पुष्कळ वाचते. तथापि काही इलेक्ट्रॉनिक रोहित्रांना ठराविक किमान भार लागतो. त्यांवर कमी वॅटचा निर्दोष दिवाही लुकलुकतो. अशा वेळी रोहित्रच बदलावे.