उड्डाणशिस्त, लष्करी

उड्डाणशिस्त, लष्करी : शांततेच्या काळातील नित्याच्या उड्डाणांत लष्करी वैमानिकाला स्वेच्छेने विमान चालविण्याची कितपत मोकळीक असावी, हे ठरविणारे नियम, आदेश व संकेत यांचा समुच्चय. झुंजी जेट विमानाचा वैमानिक आकाशात स्वच्छंद विहार करतो, अशी सर्वसाधारण समजूत आहे. वस्तुतः कोठे, केव्हा, किती उंचीवर व कशासाठी उडावयाचे, हे ठरविण्याचे स्वातंत्र्य त्याला जवळजवळ नसते. मात्र हाती घेतलेले उड्डाण अर्धवट सोडून परत फिरण्याचा त्याचा अधिकार पूर्ण असतो.

प्रत्येक उड्डाण प्रशिक्षण-कार्यक्रमाचा एक भाग असते. हवाई डावपेच, जमिनीवरील लक्ष्यावर मारा, समूहाने उडणे, रात्री किंवा केवळ उपकरणांच्या आधारे उडणे यांपैकी कोणता सराव करावयाचा, ते आधी ठरते. उड्डाणापूर्वीच्या बैठकीत मार्ग, उंची, हवामान, इंधन व संभाव्य संकटे यांची उजळणी होते. प्राधिकृत अधिकारी उड्डाणाला लेखी अनुमती देतो व वैमानिक तीखाली सही करतो. परतल्यावर पुन्हा बैठक होते. विमानातील नोंदयंत्रांत वेग, उंची व इंजिनाची स्थिती उतरलेली असल्याने आदेशाबाहेर केलेली हालचाल सहसा लपून राहत नाही. समूहात उडताना तर अनुगामी वैमानिकाचे स्वातंत्र्य आणखी आकुंचित होते. त्याला नेत्याच्या विमानावर नजर ठेवून आपले स्थान राखावे लागते.

या बंधनांचे पहिले कारण वेग हे होय. ताशी ९०० किमी. वेगाचे विमान मिनिटाला १५ किमी. अंतर कापते. सोलापूर जिल्ह्यातील मंद्रूप गावावरून उत्तरेकडे निघालेले असे विमान सुमारे दीड मिनिटात सोलापूर शहरावर येईल. एवढ्या अवधीत वैमानिकाला समोरचे विमान, पक्ष्यांचा थवा किंवा मनोरा दिसून वळण घ्यावे लागते. म्हणून किमान उंची, कसरतींसाठी राखलेले क्षेत्र व स्वनातीत वेगाची उंची ही आधीच आखून दिलेली असतात. बंगळूर येथे २० मे २०२० रोजी ऐकू आलेला मोठा आवाज हा नेमून दिलेल्या क्षेत्रात, शहराच्या हद्दीपासून दूर झालेल्या वायुसेनेच्या चाचणी-उड्डाणाचा होता. नियम पाळूनही उड्डाणाचा परिणाम किती दूरवर पोहोचतो, हे त्यावरून दिसते.

दुसरे कारण आकाशाचा सामाईक वापर हे आहे. आंतरराष्ट्रीय नागरी विमान वाहतुकीसंबंधीचा शिकागो करार (१९४४) लष्करी विमानांना लागू नाही. तथापि त्यांच्यासाठी नियम करताना नागरी विमानांच्या सुरक्षिततेची योग्य दखल घेण्याचे बंधन त्याने राष्ट्रांवर घातले आहे. पुण्याजवळील लोहगाव हा वायुसेनेचा तळ असून तेथे २००२ मध्ये सुखोई-३० एमकेआय विमाने दाखल झाली. तेथील धावपट्टी प्रवासी विमानेही वापरतात व वाहतुकीचे नियंत्रण वायुसेनेकडे आहे. गोव्यातील दाभोळी येथे नौदलाच्या तळावर असाच सहवास आढळतो. अशा ठिकाणी धावपट्टीवर येणे, उड्डाण करणे व उतरणे यांपैकी काहीही नियंत्रकाच्या अनुज्ञेशिवाय करता येत नाही.

यंत्र व शरीर यांच्याही मर्यादा असतात. गुरुत्वत्वरणाच्या नऊपट भार पडणाऱ्या वळणात ७० किग्रॅ. वजनाच्या वैमानिकाचा भार ६३० किग्रॅ. इतका होतो, मेंदूकडे जाणारे रक्त कमी पडून शुद्ध हरपण्याचा धोका उद्‌भवतो. इंधनाची परतीची पातळी आधीच ठरलेली असते व ती गाठताच सराव कितीही रंगला असला, तरी तळाकडे वळावे लागते. कर्नाटकातील बीदर येथे २००८ पासून हॉक या जेट विमानावर झुंजी वैमानिकांना शिक्षण दिले जाते. अशा शिक्षणात कौशल्याइतकाच भर या मर्यादा अंगवळणी पाडण्यावर असतो.

मर्यादा ओलांडल्यास काय घडते, याचे ठळक उदाहरण इटलीतील कावालेझे येथील आहे. ३ फेब्रुवारी १९९८ रोजी कमी उंचीच्या सरावावर असलेल्या अमेरिकी मरीन दलाच्या विमानाने रज्जुमार्गाची तार तोडली व पाळण्यातील २० जण मृत्युमुखी पडले. त्या भागात किमान सुमारे ६०० मी. उंचीचे बंधन असता विमान जमिनीपासून सुमारे ११० मी. उंचीवर होते. मनुष्यवधाच्या आरोपातून वैमानिक सुटला. पण उड्डाणाची चित्रफीत नष्ट केल्याबद्दल तो व त्याचा मार्गदर्शक यांना सेवेतून काढण्यात आले.

संकटसमयी मात्र हे चित्र पालटते. इंजिन बंद पडले, आग लागली किंवा हवामान बिघडले, तर जमिनीवरून सल्ला मिळतो. परंतु विमान वाचवावे, वस्तीपासून दूर न्यावे की त्यागावे, हा निर्णय वैमानिकाला काही सेकंदांत घ्यावा लागतो. नासिक जिल्ह्यातील निफाड तालुक्यात शिरसगाव येथे ४ जून २०२४ रोजी सुखोई-३० विमान शेतात कोसळले. दोन्ही वैमानिक बाहेर पडून बचावले. विमान त्यागण्याचा निर्णय लांबविल्याने अनेक वैमानिकांनी जगभर प्राण गमावले आहेत. म्हणून कनिष्ठ वैमानिकानेही शंका येताच सराव थांबवावा व त्याबद्दल त्याला कमीपणा येऊ देऊ नये, असा सुव्यवस्थित वायुसेनांचा संकेत आहे. उड्डाणशिस्तीचा हेतू वैमानिकाची बुद्धी बांधून ठेवण्याचा नसून, नित्याचे निर्णय आधी घेऊन ती अनपेक्षित प्रसंगासाठी मोकळी ठेवण्याचा आहे.