गळका इंजेक्टर : घरच्या घरी पारख
नारायणगाव व मंचर येथील बाजारपेठांचा दिवस पहाटेच सुरू होतो. अशा वेळी मोटार अडली की व्यवहार खोळंबतो. पेट्रोल गाडी सुरू होण्यास विलंब लागून काळा धूर येत असेल, तर इंजेक्टर गळत असण्याचा संभव असतो.

प्रथम ऑइलची पट्टी पाहावी. पातळी वाढून पेट्रोलचा वास येत असल्यास ऑइल बदलेपर्यंत इंजिन चालवू नये. पातळ ऑइल बेअरिंग झिजवते. थंड इंजिनाचे स्पार्क प्लग काढावेत. एकच ओला आढळल्यास त्याची कॉइल व प्लग शेजारच्या सिलिंडरशी बदलून पाहावेत. तरीही तोच सिलिंडर ओला राहिल्यास दोष बहुधा इंजेक्टरचाच.

ज्योत व ठिणगी दूर ठेवावी. डिझेल कॉमन रेलमधील दाब १,००० बारच्याही वर जातो. तेथे हात न लावता कुशल मेकॅनिकलाच बोलवावे.