छंद, नाद, व्यसन

कुंभार्ली घाट उतरून चिपळूणकडे येताना पोफळी मागे पडली की पुढे अलोरे लागते. कोयनेचे पाणी सह्याद्रीच्या पोटातून पश्चिमेला उतरते, पोफळीला वीज देते, कोळकेवाडीच्या धरणात थांबते, अलोऱ्याच्या वीजगृहात पुन्हा जनित्रे फिरवते आणि मग वाशिष्ठीला मिळते. या प्रकल्पाच्या वसाहतीत माझे बालपण गेले. माझे वडील, अण्णा, प्रकल्पावर तंत्रज्ञ होते. ते निवृत्त झाले तेव्हा मी चोवीस वर्षांचा होतो.

निवृत्तीनंतर अण्णांनी जुने रेडिओ दुरुस्त करायला घेतले. पैसे घेत नसत. पडवीभर सुटे भाग, तारा आणि डाख लावल्याचा वास. आम्ही घरचे त्याला ‘म्हातारपणचा नाद’ म्हणायचो. एका दिवाळीच्या साफसफाईत मीच ती पेटी भंगारवाल्याला दिली. अण्णा काही बोलले नाहीत. पुढच्या वर्षभरात ते पिऊ लागले. पेटी गेली म्हणून दारू आली, असे सरळ गणित मी मांडत नाही. पण त्या दोन गोष्टींमधले अंतर समजून घेण्यासाठी मी जे वाचत गेलो, त्यातून हा लेख झाला आहे.

शब्दांपासून सुरुवात

संस्कृतात ‘छन्द’ म्हणजे इच्छा, आवड. ‘स्वच्छंद’मध्ये तो अर्थ अजून जिवंत आहे. मराठीत मात्र या शब्दाला संशयाची छटा चिकटली. ‘छंदीफंदी’ ही शिवी आहे. ‘नाद’ म्हणजे ध्वनी, पण ‘नादी लागला’ म्हटले की माणूस बिघडला. उलट ‘व्यसन’ या शब्दाचा संस्कृतात संकट असाही अर्थ असताना ‘विद्याव्यसनी’ हा गौरव ठरतो. म्हणजे एखाद्या गोष्टीने माणसाला धरून ठेवणे आपल्या भाषेला ठाऊक आहे. त्या धरण्याला काय म्हणायचे, हे मात्र ती पाहणाऱ्यावर सोडते. अण्णांच्या पेटीला काय म्हणायचे, ते आम्ही ठरवले होते.

केळकरांचा संग्रह

पुण्याच्या राजा दिनकर केळकर संग्रहालयात आपण अनेकदा जातो, पण नावाकडे लक्ष देत नाही. राजा हा संग्राहकाचा लहानपणीच गेलेला मुलगा. दिनकर गंगाधर केळकर (१८९६–१९९०) यांचा व्यवसाय चष्म्यांचा. ‘अज्ञातवासी’ या नावाने ते कविता लिहीत. १९२०च्या सुमारास सुरू झालेला त्यांचा संग्रह वाढत वीस हजारांच्या घरात गेला. त्यात राजेरजवाड्यांचे ऐश्वर्य कमी आणि घरातल्या वस्तू अधिक: दिवे, अडकित्ते, दौती, कुंकवाचे करंडे, पाय घासायच्या वज्र्या. पुढे तो संग्रह महाराष्ट्र शासनाच्या स्वाधीन झाला.

या कथेत दोन गोष्टी महत्त्वाच्या वाटतात. पहिली, दुःख पुसले गेले नाही. त्याला दारावर नाव मिळाले. बरे होणे म्हणजे विसरणे नव्हे, हे यातून कळते. दुसरी, पत्नी कमलाबाई या कामात त्यांच्या सोबत होत्या. गावोगाव फिरून जुन्या वस्तू घरी आणणाऱ्या माणसाला घरातून विरोध झाला असता, तर ते संग्रहालय उभे राहिले असते का?

अवचटांचे दोन्ही काठ

छंद आणि व्यसन या दोन्ही काठांवर उभा राहून पाहणारा माणूस म्हणजे डॉ. अनिल अवचट (१९४४–२०२२). शिक्षण वैद्यकाचे, काम लेखनाचे. लाकूडकाम, चित्रे, बासरी, ओरिगामी हे त्यांचे छंद. ‘छंदांविषयी’ हे त्यांचे पुस्तकच आहे. १९८६मध्ये पत्नी डॉ. अनिता (सुनंदा) यांच्यासह त्यांनी पुण्यात मुक्तांगण व्यसनमुक्ती केंद्र सुरू केले, पु. ल. आणि सुनीताबाई देशपांडे यांचे आर्थिक पाठबळ त्यामागे होते. १९९७मध्ये सुनंदाबाई कर्करोगाने गेल्या. अवचटांचे लेखन आणि छंद त्यानंतरही चालूच राहिले.

व्यसन हा आजार आहे आणि त्यावर उपचार लागतात, ही मुक्तांगणची भूमिका. म्हणून कागदाची घडी घातल्याने दारू सुटते, असे कुणी समजू नये. खोल उदासीनतेतल्या माणसालाही ‘काहीतरी छंद लावून घे’ हा सल्ला पुरत नाही. त्याला डॉक्टरकडेच न्यावे लागते. पण उपचारानंतर मोकळी झालेली संध्याकाळ कशाने भरायची, हा प्रश्न उरतोच. तेथे छंदाचे काम सुरू होते. व्यसन तोच अनुभव पुन्हा मागते आणि मात्रा वाढवते. छंद चुका दाखवतो, म्हणून शिकवतो. आणि त्यातून दुसऱ्याच्या हातात देण्यासारखे काही उरते. अवचट मुलांना कागदाचे पक्षी करून देत, अण्णा शेजाऱ्याला बोलता रेडिओ परत देत.

येथेही घराचा भाग आहेच. सुनंदाबाईंनी नोकरी करून संसाराचा भार उचलला, म्हणून आपल्याला मनासारखे लिहिता आले, हे अवचटांनी मोकळेपणाने सांगितले आहे. छंद एकट्याचा असतो ही समजूत मला आता अपुरी वाटते. त्याला कोपरा लागतो, वेळ लागतो, आणि ‘काय केलंस आज, दाखव’ म्हणणारे कुणीतरी लागते. हा कोपरा बहुतेक वेळा घरातल्या बाईने पुरुषाला करून दिला, हेही नोंदवायला हवे. माझ्या आईने जन्मभर गोधड्या शिवल्या. रंग जुळवताना ती स्वतःशी गुणगुणत असे. त्याला आम्ही कधी छंद म्हटले नाही. ते काम होते.

माझी वही

अण्णा गेल्यानंतर मी शेतजमिनींची नावे जमवू लागलो. कोकणात दळ्याला, मळ्याला, पऱ्याला स्वतःचे नाव असते. धरणात गेलेल्या जमिनींची नावे सांगणारी माणसे आता थोडी उरली आहेत. पंधरा वर्षांत चार वह्या भरल्या. मी पदवीधर नाही; पद्धत चुकत-माकत शिकलो. २२ जुलै २०२१च्या पुरात चिपळूणच्या १८६४ साली स्थापन झालेल्या लोकमान्य टिळक स्मारक वाचन मंदिरात पाणी शिरले आणि ग्रंथांचे नुकसान झाले. त्यानंतर मी वह्यांच्या दोन प्रती काढल्या.

एक प्रत माझ्या मुलीकडे आहे. गेल्या गणपतीत तिने विचारले, ‘‘बाबा, यातलं आपलं शेत कुठलं?’’ मी तिला वही उघडून दाखवली. अण्णांना असा प्रश्न आमच्यापैकी कुणी विचारला नव्हता.

यंदा दिवाळीची साफसफाई करताना घरातल्या कुणाची पेटी हाती लागली, तर ती बाहेर काढण्याआधी तिच्या मालकाला एवढे विचारावे, की यात काय आहे ते जरा दाखवता का.