आक्काच्या डोक्यावरचा पत्रा

माझी थोरली बहीण लातूरला राहते. तिच्या खोलीवर पत्रा आहे. गेल्या मे महिन्यात दुपारी दोनच्या सुमारास त्या पत्र्याखाली तिला घेरी आली आणि ती कॉटवरून खाली घसरली. शेजारणीने ओला टॉवेल डोक्यावर घातला, भाच्याने रिक्षा बोलावली, दोन सलाइनवर निभावले. घरी सोडताना डॉक्टरांनी औषधांची चिठ्ठी दिली आणि वर म्हणाले, "गोळ्या देतोच, पण या वयात पत्र्याखाली दुपारच्या झोपा बंद करा."

उपाय सोपा होता. पत्रा काढायचा आणि स्लॅब टाकायचा. भाच्याने गवंड्याकडून अंदाजही आणला. आक्काने तो कागद न वाचताच उशीखाली सारला. "मी मेल्यावर टाका," म्हणाली.

कारण आम्हा सगळ्यांना ठाऊक आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, चार वाजायला चार मिनिटे कमी असताना, आक्का औसा तालुक्यातल्या आपल्या सासरच्या घरात झोपलेली होती. गणेश विसर्जनाच्या जागरणाने दमलेली गावेच्या गावे झोपेत होती. आक्काला उकडत होते म्हणून ती ओसरीच्या कडेला येऊन पडली होती आणि म्हणून वाचली. आतल्या खोलीतून तिची सासू आणि धाकटी जाऊ दुसऱ्या दिवशी दुपारी काढल्या.

किल्लारी आणि भोवतालच्या गावांतली ती घरे ज्यांनी पाहिली नाहीत त्यांच्यासाठी सांगतो. दोन-अडीच फूट जाडीच्या, काळ्या दगडांच्या, चिखलात रचलेल्या भिंती. आत लाकडी खांब, त्यावर तुळया, त्यावर लाकडी पाट आणि त्यावर मातीचा जाड थर. हे माळवद. दर पावसाळ्यापूर्वी त्यावर नवी माती पसरायची, चोपून बसवायची. म्हणजे आजोबांची माती खाली, वडिलांची वर आणि आपली त्याहून वर. उन्हाळ्यात असल्या घरात शिरले की अंगावरून कुणी गार हात फिरवल्यासारखे वाटे. बाहेर ४३ अंश असले तरी दिवसभराचे ऊन त्या मातीतून खाली उतरेपर्यंत रात्र व्हायची, आणि रात्री तर आपण अंगणात असायचो. हा गारवा बिनविजेचा आणि बिनपाण्याचा होता. आमच्या वाडवडिलांना तो फार चांगला समजलेला होता.

त्याचे वजन मात्र कुणी मोजले नव्हते. बँकेत जन्म गेल्यामुळे मला आकडा मांडल्याशिवाय चैन पडत नाही, म्हणून मांडतो. दहा फूट बाय दहा फुटांच्या खोलीवर फक्त एक फूट माती धरा. घनफुटाला ४५ किलो म्हटले तरी साडेचार टन झाले. कित्येक माळवदांवर थर दोन फुटांपर्यंत चढला होता. तेवढ्याच खोलीवरचा पत्रा पन्नास किलोच्या आतबाहेर. त्या पहाटे भिंतींनी चिखल सोडला, दगड सुटले आणि ही माती खाली आली. हजारो माणसे गेली.

तेव्हा मी त्याच जिल्ह्यातल्या एका शाखेत अधिकारी होतो. पुढे जागतिक बँकेच्या मदतीने पुनर्वसन झाले, ५२ गावे नव्या जागी वसली, जमिनीच्या प्रमाणात २५०, ४०० आणि ७५० चौरस फुटांची पक्की घरे मिळाली. किल्ली हातात आली तरी पुष्कळ जण आत सामान ठेवत आणि स्वतः पुढे पत्र्याचा आडोसा करून झोपत. कर्जाच्या कागदांवर सह्या घ्यायला गेलो की त्या पत्र्याखालीच बसावे लागे. कागदावर घाम टिपकायचा. घरमालक म्हणायचा, "साहेब, भाजलं तर चालतंय, चेपलं नाही पाहिजे." आक्काचेही तेच म्हणणे, बत्तीस-तेहेतीस वर्षे झाली तरी.

स्लॅब नको तर कूलर घ्यावा, असे पुण्याचे नातेवाईक फोनवर सुचवतात. २०१६ च्या एप्रिलमध्ये लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले होते, हे ते विसरतात. कूलर दुपारभरात पिण्याच्या दोन-चार घागरी सहज पितो. ज्या गावाने पाण्यासाठी रात्री काढल्या तिथली बाई ते पाणी वाऱ्यात उडवायला तयार होत नाही.

उरला एक उपाय, पत्र्याखाली लावायच्या चकचकीत अॅल्युमिनियमच्या पडद्याचा. हा मी आधी स्वतःवर करून पाहिला आणि फसलो. नांदेडला माझ्या घराच्या गच्चीवर पत्र्याची एक खोली आहे, तिथे मी लिहितो. एका दुकानदाराच्या सांगण्यावरून तिथे हा पडदा बसवून घेतला. त्याच्या माणसांनी तो पत्र्याला चिकटवला आणि खालून लगेच प्लायचे तक्ते ठोकले. दिसायला झकास. पण एप्रिल आला आणि खोलीत विशेष फरक नाही. दुकानदार म्हणाला, "यंदा ऊनच जास्त आहे."

मग जरा वाचले, एका इंजिनिअर मित्राला घेऊन वर चढलो, तेव्हा उलगडा झाला. उन्हाने तापलेला पत्रा आपल्याला दोन वाटांनी छळतो. त्याला लागलेली हवा तापते ही एक वाट. पण खरी पीडा दुसरी. चुलीवरचा तवा हात न लावताही दुरून जाणवतो, तसा पत्रा खालच्या माणसावर उष्णतेचे किरण टाकत राहतो. गंजलेला किंवा रंग दिलेला पत्रा तर अधिकच टाकतो. अॅल्युमिनियमचा चकचकीत पृष्ठभाग असले बहुतेक सगळे किरण परतवतो आणि स्वतः तापला तरी फार थोडे बाहेर सोडतो. थर्मासच्या आत चांदीसारखा मुलामा असतो तो याचसाठी. जेम्स ड्यूअरने १८९२ च्या सुमारास ही बाटली केली, तीत दोन भिंतींमधली हवा काढली आणि काच चकाकती केली. मात्र चकाकी कामाला यायची तर तिच्या समोर मोकळी जागा हवी. दोन्हीकडून दाबून टाकलेला पडदा म्हणजे नुसता धातूचा कागद, त्यातून उष्णता आरपार जाते. माझ्या खोलीत नेमके तेच झाले होते. तक्ते काढले, पडदा वाशांच्या खाली चार बोटे सोडून ताणला, चकचकीत बाजू खाली केली, कारण वर तोंड केलेल्या चकाकीवर आमच्याकडची धूळ एका हंगामात बसते. दोन्ही टोकांना फटी ठेवल्या, म्हणजे मधली तापलेली हवा निघून जावी. विजेच्या तारा त्यापासून लांब घेतल्या, हे कुणी विसरू नये. आता दुपारी चारला तिथे बसवते. गार नाही, पण डोक्यावरचा तवा उतरला.

आणि त्याआधी करायचे काम याहून स्वस्त आहे. पत्र्यावर वरून पांढरा हात. ऊन पत्र्यात शिरण्याआधीच परतवले तर खाली भांडायला फारसे उरतच नाही. शेजारच्या तेलंगणाने २०२३ मध्ये अशा थंड छपरांचे सरकारी धोरणच केले. आमच्याकडे बायका चुन्यात फेव्हिकॉल कालवून हे करतात, पावसाने धुतले की पुढच्या वर्षी पुन्हा. म्हणून माझा हिशेब असा: जिथे दरसाल वर चढणारा माणूस आहे तिथे आधी चुना, आणि तेवढ्याने भागले नाही तर पडदा. आक्काकडे चढणारा कुणी नाही. भाचा नोकरीनिमित्त महिन्यातले वीस दिवस बाहेर. तेव्हा तिच्याकडे दोन्ही.

पडद्याची गुंडाळी घेऊन मी मागच्या आठवड्यात लातूरला गेलो. छताखाली काहीतरी टांगायचे, एवढे ऐकूनच आक्काचा चेहरा उतरला.

"अन् पडलं तर?"

मी गुंडाळी तिच्या हातात दिली. अख्ख्या खोलीला पुरेल एवढी. तिने ती एका हाताने उचलली, मग दुसऱ्या हाताने, मग सुटे टोक ओढून गालाला लावले.

"नातवाच्या दुपट्याएवढं बी नाही की रे."

"नाहीच."

बराच वेळ ती वर पत्र्याकडे पाहत राहिली. मग म्हणाली, कॉटच्या वरच्या बाजूला हातभर जागा उघडी ठेव. तिथे पत्र्याला एक भोक आहे, सकाळी त्यातून उजेडाचा कवडसा येतो, तो तिला लागतो. सासरच्या माळवदाला झरोका होता, त्यातून असाच यायचा.

फिटरला पाडव्यानंतरच्या सोमवारी बोलावले आहे. हातभर जागा सोडायची, हे त्याच्या कागदावर मी माझ्या अक्षरात लिहून दिले आहे.