वेदना ही खबर आहे, धोक्याचे माप नव्हे



ऊसतोडीत कोयता बोटाला लागतो, पण हातातली मोळी बांधून होईपर्यंत कळतही नाही. रक्त दिसले की मग ठणकायला लागते. उलट रात्री विंचू चावला, तर माणूस अख्खी वस्ती जागी करतो. असे का होते? आणि जास्त दुखले म्हणजे जास्त धोका, हा आपला समज कितपत खरा? या समजापायी कधी कधी जीव जातो, म्हणून आम्ही हा विषय घेतला आहे.

आपल्या कातडीत आणि स्नायूंत मज्जातंतूंची बारीक टोके असतात. काप, चटका, मार किंवा विष यांनी ती जागी होतात आणि त्यांचा इशारा पाठीच्या कण्यातल्या मज्जारज्जूकडे धावतो. हे तंतू दोन जातींचे. एक जलद, सेकंदाला सुमारे 5 ते 30 मीटर. दुसरे सावकाश, सेकंदाला जेमतेम 2 मीटर. म्हणून पायात काटा मोडला की आधी टचकन टोचते आणि ठणक मागाहून येते. गुऱ्हाळाच्या तापल्या काहिलीला हात लागला, तर मेंदूला कळण्याआधीच मज्जारज्जू हात मागे घ्यायला लावतो.

दुखल्याची जाणीव मात्र मेंदूतच होते, आणि मेंदू ती कमी-जास्त करतो. कामाच्या धांदलीत किंवा भीतीच्या वेळी तो स्वतःचीच वेदनाशामक द्रव्ये सोडून खबर दाबून ठेवतो. लागलेल्या जागी चोळले की बरे वाटते, तेही यामुळेच. स्पर्शाचे इशारे मज्जारज्जूत दुखण्याच्या इशाऱ्यांची वाट अडवतात, असा विचार मेलझॅक आणि वॉल या शास्त्रज्ञांनी 1965 साली मांडला. दारे धरताना आपण एका सरीचे पाणी अडवतो, तसेच काहीसे.

तेव्हा खबर मोठ्याने आली म्हणजे संकट मोठेच, असे नाही. आणि खबर आलीच नाही म्हणजे सगळे ठीक, असे तर मुळीच नाही.

विंचवाचेच घ्या. डॉ. हिंमतराव बावस्कर हे मूळचे आपल्या मराठवाड्यातले, जालना जिल्ह्याचे. कोकणात महाड तालुक्यात काम करताना त्यांनी लाल विंचवाच्या दंशाचे रोगी बारकाईने पाहिले. माणूस ठणकेने दगावत नव्हता. विषाने रक्तवाहिन्या आवळत, हृदयावर ताण येई आणि फुप्फुसात पाणी भरे. रक्तदाबावरची प्राझोसिन ही गोळी त्यांनी यावर वापरली आणि असंख्य जीव वाचले. 2022 साली त्यांना पद्मश्री मिळाली. आपण लक्षात ठेवायचे ते एवढेच, की नुसत्या ठणकेपेक्षा दरदरून घाम, उलटी आणि गार पडलेले हातपाय ही खरी धोक्याची चिन्हे. लेकराला विंचू चावला तर चिन्हांची वाटही पाहू नका, लगेच दवाखाना गाठा.

मण्यार तर याहून फसवी. रात्री जमिनीवर झोपलेल्या माणसाला ती चावते, पण फारसे दुखत नाही; कधी दाताची खूणही दिसत नाही. पहाटे पोटात दुखते, पापण्या मिटू लागतात, गिळता येत नाही, मग श्वास अडतो. "काही दुखत नाही, सकाळी बघू" म्हणाल, तर तेवढ्यात वेळ निघून जाते.

तिसरी गोष्ट बधिरपणाची. कुष्ठरोगाचे जंतू मज्जातंतूच निकामी करतात. बोटे मुख्यतः झडतात ती न कळलेल्या चटक्या-जखमांनी. जुन्या मधुमेहात पायांचे असेच होते. अंगावर फिकट, बधिर चट्टा दिसला तर लपवू नका. सरकारी दवाखान्यात औषध मोफत आहे आणि रोग पूर्ण बरा होतो. मधुमेह असेल त्याने रोज रात्री तळपाय पाहावेत आणि अनवाणी रानात जाऊ नये.

रातची लाईट असली म्हणजे पाण्यावर जावेच लागते. जाताना बॅटरी आणि पायात बूट असू द्या. पाचटात हात घालण्याआधी काठीने हलवून पाहा. खळ्यावर किंवा कोपीत झोपायचे तर बाजेवर, मच्छरदाणी खोचून झोपा. आणि काही चावल्याची शंका जरी आली, तरी मंत्र-उताऱ्यात वेळ न घालवता 108 ला फोन करा. दुखते किती, हे दवाखान्यात पोचल्यावर सांगता येईल.