दंड सैल पडलेत? वजन उचला!

"डॉक्टर, वजन फारसं वाढलेलं नाही, पण दंड सैल पडलेत. बांधा कसा आटोपशीर हवा!" परवा दवाखान्यात एका बेचाळिशीच्या शिक्षिकेने तक्रार केली. रोज तासभर चालणे सुरूच होते. पूर्वी अशा भगिनींना मी "अजून थोडं चाला" एवढेच सांगत असे. माझे चुकत होते.

ते कळले आईमुळे. ती रोज सकाळी देवळापर्यंत चालत जायची, पण जमिनीवरून उठताना टेकू लागायचा. वय झाले म्हणून मी दुर्लक्ष केले. चौऱ्याहत्तराव्या वर्षी ती मोरीत घसरली आणि खुब्याचे हाड मोडले. शस्त्रक्रियेनंतर फिजिओथेरपिस्टने तिच्या पायांना वाळूच्या छोट्या पिशव्या बांधून व्यायाम सुरू केला. सोबत म्हणून मीही करू लागले. तीन महिन्यांनी आई खुर्चीतून हात न टेकता उठली आणि माझ्या ब्लाऊजच्या बाह्या नीट बसू लागल्या!

चालणे हृदयाला उत्तमच, ते सोडू नका. पण दंड, खांदे, पाठ यांना त्यातून पुरेसे काम मिळत नाही आणि बांधा रेखीव दिसतो तो स्नायूंमुळे. तिशीनंतर दर दहा वर्षांत साधारण ३ ते ८ टक्के स्नायू घटतात. त्यांची जागा चरबी घेते, म्हणून वजनकाट्यावर काहीच कळत नाही. केवळ दंडाचा किंवा पोटाचा व्यायाम करून तेवढ्याच जागेची चरबी उतरते, हाही गैरसमज आहे.

"वजने उचलून पैलवानासारखी दिसेन का?" हा ठरलेला प्रश्न. अजिबात नाही. स्नायू फुगवणारे टेस्टोस्टेरॉन हे संप्रेरक स्त्रियांमध्ये पुरुषांच्या मानाने फारच कमी असते. २०२१ मध्ये झालेल्या टोकियो ऑलिम्पिकमध्ये ११५ किलो वजन डोक्यावर पेलणारी मीराबाई चानू ४९ किलोच्या गटात खेळली होती, हे लक्षात ठेवा.

सुरुवात घरीच करा. आधी पाच मिनिटे जागेवर चालून अंग गरम करा. मग हे करा :

१) खुर्चीवर बसून हात न टेकता उठणे.
२) भिंतीला हात टेकून जोर.
३) पाण्याने भरलेल्या लिटरच्या बाटल्या दोन्ही हातांत धरून खांद्यापासून वर नेणे.
४) पाठीवर झोपून, गुडघे दुमडून कंबर उचलणे.
५) ओट्याला धरून टाचा उचलणे.

प्रत्येक प्रकार ८ ते १२ वेळा, अशा दोन फेऱ्या. शेवटचे दोन-तीन वेळा जड गेले पाहिजे. बारा वेळा सहज जमू लागले की वजन थोडे वाढवा. वर्षभर त्याच बाटल्या उचलल्या तर प्रगती थांबते. श्वास रोखू नका. जागतिक आरोग्य संघटना आठवड्यातून किमान दोन दिवस असा व्यायाम सुचवते. एक दिवसाआड केला तर स्नायूंना विश्रांतीही मिळते.

आहारात प्रथिने हवीत. दर किलो वजनामागे सुमारे ०.८३ ग्रॅम, म्हणजे ६० किलोच्या स्त्रीला रोज ५० ग्रॅम. पातळ वरणाने ते भागत नाही. उसळ, दही, शेंगदाणे, अंडी, मासे यांपैकी काहीतरी दोन्ही जेवणांत असू द्या. घरात सगळ्यांचे झाल्यावर उरलेले खाऊ नका!

रक्तदाब, हृदयविकार, मणक्याचे दुखणे, अंग बाहेर येणे असा त्रास असेल किंवा दिवस गेलेले असतील, तर आधी डॉक्टरांना विचारा.

पहिल्या महिन्यात आरशात फरक दिसणार नाही. जिना चढताना मात्र जाणवेल. पुढे दोन-तीन महिन्यांनी टेपने माप घ्या, काट्यावर विसंबू नका. त्या शिक्षिकेला हवे आहेत रेखीव दंड. ते मिळतीलच. पण चौऱ्याहत्तराव्या वर्षी जमिनीवरून स्वतःच्या बळावर उठता येणे, ही खरी कमाई.