सांध्यांनी मागितलेली हत्यारे

आपल्या घरातला पलंग आपल्याच हातांनी घडवावा अशी हौस ज्यांच्या मनात उत्पन्न होते, अशा बहुतेक गृहस्थांची पावले प्रथम लाकडाच्या वखारीकडे न वळता हत्यारांच्या दुकानाकडे वळतात. आणि मुंबईच्या नागदेवी स्ट्रीटवर म्हणा किंवा पुण्याच्या बोहरी आळीत म्हणा, लखलखीत पात्यांच्या आणि रंगीत मुठींच्या त्या आराशीपुढे एकदा उभे राहिल्यावर, कोणते हत्यार आपल्या कामाचे आणि कोणते केवळ डोळ्यांना सुखविणारे, हा विवेक टिकविणे मोठे कठीण होऊन बसते. परिणामी पटाश्यांचा भलामोठा संच घरी येतो, त्यातील बहुतेक नग पेटीतच निजून राहतात, आणि ज्या एखाद्या जिनसेवाचून पलंग डुगडुगणार असतो, तोच नेमका आणावयाचा राहून जातो. यात दुकानदाराकडे बोट दाखविण्यात अर्थ नाही. हत्यारांची यादी मुळात पलंगाच्या आराखड्यावरून, आणि त्यातही त्याच्या सांध्यांवरून करावयाची असते. ती तशी केली तर ती आपोआप आखूड होते, आणि तिच्यातील प्रत्येक जिनसेचे माप व दर्जा हीदेखील मुक्रर होऊन जातात.

आपल्या गावगाड्यातील सुताराकडे पाहिले तर ही गोष्ट सहज पटेल. त्रिंबक नारायण आत्रे यांनी १९१५ साली प्रसिद्ध केलेल्या ‘गांवगाडा’ या ग्रंथात बलुतेदारांची जी हकीकत आहे, तीत सुतार हा अग्रगण्य. कुणब्याच्या शेतीचा सगळा कारभार ज्या औत-पाभरीवर चालावयाचा, ती त्याच्याच हातची. करवत, वाकस, रंधा, पटाशी, विंधणे आणि दोरीने फिरविण्याचा सामता एवढ्या सामग्रीवर, जमिनीवर बसून आणि लाकूड पायाच्या पंजांत धरून, तो नांगरापासून खाटेपर्यंत सर्व काही सिद्ध करीत असे. पलंगाला तर आपल्या परंपरेत विशेष मान आहे. दसऱ्याच्या सीमोल्लंघनानंतर तुळजापूरची भवानी कोजागरीपर्यंत ज्या पलंगावर निद्रा घेते, तो पुणे जिल्ह्यातील घोडेगावहून नगरच्या वाटेने तिकडे जातो; आणि सहाव्या शतकातील वराहमिहिराने बृहत्संहितेत शय्या व आसने यांच्या लक्षणांसाठी एक स्वतंत्र अध्याय राखून ठेवला असून, त्यात शाक म्हणजे साग याची प्रशस्त लाकडांत गणना केली आहे व लाकडातील सदोष छिद्रांचे प्रकार नावांनिशी सांगितले आहेत. लाकूड पारखून घ्यावे, हा शिरस्ता इतका जुना आहे.

आता प्रत्यक्ष पलंगाकडे वळू. सहा फूट लांब आणि अडीच फूट रुंद असा एकट्याचा साधा पलंग घेतला, तर त्याला चार पाय, दोन लांब गाती, दोन आखूड गाती आणि त्यांवर पसरावयाच्या पट्ट्या किंवा नवार, एवढाच ऐवज. उशाकडची फळी ही शोभेची बाब. प्रत्येक पायात दोन गाती येऊन मिळतात, म्हणजे एकंदर सांधे आठ. आणि पलंगाचे सारे आयुष्य या आठ सांध्यांवर अवलंबून असते. झोपणाऱ्याचे वजन सरळ पायांतून जमिनीत उतरते, त्याने सहसा काही बिघडत नाही. पलंग खिळखिळा होतो तो माणूस कड बदलताना, काठावर बसताना किंवा पलंग फरफटत सरकवताना बसणाऱ्या आडव्या हिसक्यांनी, कारण असा प्रत्येक हिसका गातीची लांबी तरफेप्रमाणे वापरून सांधा उचकटू पाहतो. नवार ताणून भरली तर तिचा ओढा गातींना अहोरात्र आत खेचीत राहतो, तो वेगळाच. या दोहोंना पुरून उरणारा जुना उपाय म्हणजे पायात खोदलेली खोबण आणि तीत घट्ट बसणारे गातीच्या टोकाचे कुसू. खिळे व स्क्रू हे त्यांचे मदतनीस होऊ शकतात, मुखत्यार नव्हेत.

पलंग पुढे-मागे घराच्या दारातून बाहेर काढावयाचा असतो, ही गोष्ट हौशी कारागीर पुष्कळदा विसरतो. म्हणून आखूड गातींचे चार सांधे सरसाने कायमचे जोडावेत आणि लांब गातींचे चार बोल्टने आवळून सुटे करता येतील असे ठेवावेत, ही वहिवाट शहाणपणाची आहे. एवढा निर्णय झाला की हत्यारे आपणहून पुढे येऊ लागतात.

पहिला मान मापाच्या हत्यारांचा. फीत कोणतीही चालेल, परंतु आरंभापासून शेवटपर्यंत एकच वापरावी. कारण दोन फितींच्या टोकांच्या आकड्यांत एखाद्या सुताचा फरक निघणे मुळीच नवलाचे नाही. (सुतारांच्या हिशेबी सूत म्हणजे इंचाचा आठवा हिस्सा.) गुण्या मात्र पारखून घ्यावा, आणि ती परीक्षा दुकानातच होते: सरळ कडेच्या फळीवर गुण्याने एक रेघ मारावी, गुण्या उलटा करून त्याच बिंदूतून दुसरी मारावी, दोन्ही रेघा एकमेकींवर तंतोतंत पडल्या तर गुण्या खरा, फाकल्या तर तो कितीही नामांकित कारखान्याचा असला तरी परत द्यावा. तिसरा जिन्नस कडेला समांतर रेघ ओढणारा खतकस. एकदा आवळून ठेवला की आठही सांध्यांवर तो तेच माप उतरवितो. पेन्सिलीच्या जाड रेघेला हे इमान साधत नाही.

यानंतर करवत. लाकूड तंतूंच्या दिशेने उभे चिरणाऱ्या करवतीचे दात छोट्या पटाशीसारखे सरळ, तर तंतूंना आडवा छेद देणाऱ्या करवतीचे दात सुरीसारखे तिरप्या धारेचे असतात. वखारीत यंत्रावर लाकूड मापाप्रमाणे चिरून मिळत असल्यामुळे पहिल्या प्रकारची मोठी करवत घेण्याची आज निकड नाही. लांबी कापण्यासाठी इंचाला आठ ते दहा दातांची एक आणि कुसवे कापण्यासाठी इंचाला बारा ते चौदा दातांची, पाठीला धातूची जाड पट्टी असलेली एक आखूड करवत, एवढ्या दोन पुरेत. त्या पट्टीमुळे पाते लवत नाही आणि कुसवाच्या अंगाची चीर रेघ सोडून भटकत नाही. खरेदी करताना दातांची टोके निळसर-काळी दिसली, तर ती कठीण केलेली आहेत असे समजावे. असे दात पुष्कळ दिवस टिकतात, परंतु बोथट झाल्यावर त्यांवर त्रिकोणी कानस चालत नाही.

रंध्यांचे प्रकार पाहू जाता माणूस हरखून जातो: पताम पाडणारा, झिरी पाडणारा, गलत्याची नक्षी काढणारा, मोठा, लहान. पलंगाला यांतील एकच अपरिहार्य आहे, तो चौदा इंची लोखंडी रंधा. गात सहा फुटांची. तिच्या कडेवर आखूड रंधा चालविला तर तो लाकडाच्या प्रत्येक खळग्यात उतरतो आणि उंचसखलपणा तसाच ठेवून वरवरचा गुळगुळीतपणा तेवढा आणतो, उलट लांब तळाचा रंधा खळगे ओलांडून आधी उंचवट्यांना भिडतो व कड सरळ करतो. उशाकडच्या चौकटीत फळी बसवावयाची असेल तरच झिरीच्या रंध्याची तजवीज करावी.

आणि आता खोबण. लाकडाच्या जाडीचा सुमारे एकतृतीयांश भाग कुसवाला द्यावा, असा सुतारकामाचा संकेत आहे. गात दीड इंच, म्हणजे बारा सूत जाड असेल, तर कुसू चार सुती. अर्थात खोबण अर्ध्या इंचाची, आणि म्हणून विंधणेही नेमके अर्ध्या इंचाचेच घ्यावयाचे. बारा पटाश्यांच्या पेटीचा प्रश्न या एका त्रैराशिकाने निकालात निघतो. अर्ध्या इंचाचे जाड पात्याचे विंधणे एक, आणि कुसवाच्या अंगावरून पापुद्रे काढण्यासाठी इंची रुंद पटाशी एक. हे काम जवळून पाहण्यासारखे असते. तीन इंची चौरस पायावर खतकसाने दोन रेघा ओढलेल्या असतात. त्यांच्या टोकापासून एक सूत आत विंधणे उभे धरून लाकडी मोगरीचा ठोका दिला की पाते जेमतेम सूतभर उतरते, ते तेवढेच पुढे सरकवून दुसरा ठोका द्यावा, आणि चार-पाच ठोक्यांनंतर पाते किंचित मागे कलवले की ढलप्या तुटून वर येतात. असे थरामागून थर करीत दोन इंच खोल जावयाचे. टोकांचा राखून ठेवलेला सूतभर भाग अगदी शेवटी छाटावयाचा, कारण ढलप्या उचकटताना तीच कड दबलेली असते. कुसू हाताच्या दाबाने निम्मे आणि मोगरीच्या हलक्या ठोक्यांनी उरलेले आत गेले, तर सांधा जमला. हाताने पुरते गेले तर तो सैल, आणि जोराचे घाव मागू लागला तर पाय फाटण्याची भीती.

बोल्टसाठी भोके पाडावयाची, तेथे पूर्वी सामता आणि गिरमिट होते. आज विजेचे ड्रिल हे त्यांचे रास्त वारसदार आहे, आणि विजेच्या हत्यारांपैकी पहिला पैसा त्याच्यावरच खर्च करावा. तीन सुती बोल्ट, त्याखाली रुंद वायसर, आणि भोक बोल्टपेक्षा केसभर मोठे, असा बंदोबस्त पुरतो. सरसाने जोडावयाच्या सांध्यांना दाब हवा, त्यासाठी तीन फुटी पट्टीचे दोन शिकंजे घ्यावेत. ते नसतील तर मजबूत दोरीचा फेरा घालून त्यात काठी अडकवून पीळ देण्याची जुनी युक्तीही कामी येते. जनावरांच्या कातड्यापासून केलेला, उकळून लावावयाचा सरस १९५९ साली आलेल्या फेविकॉलने घरोघरच्या कामातून हद्दपार केला. तथापि साग हे तेलकट लाकूड असल्यामुळे, रंधून ताज्या केलेल्या किंवा थिनरने नुकत्याच पुसलेल्या पृष्ठावरच सरस नीट धरतो, हे ध्यानात ठेवावे.

याच सागात सिलिकेचे सूक्ष्म कण असतात आणि ते धार झपाट्याने खातात. म्हणून धार लावण्याचा दगड हा हत्यारांच्या यादीतील परिशिष्ट नसून तिचा गाभा आहे. एक बाजू खरखरीत आणि दुसरी मऊ असा दुहेरी दगड घ्यावा. पटाशीचा उतार २५ अंशांचा आणि अगदी टोकाची धार ३० अंशांच्या आसपास राखावी, आणि पात्याची पाठ सपाट घासून घ्यावी, कारण धार ही दोन पृष्ठांच्या मिलनाची रेघ असते. बोथट पटाशीला जोर लावावा लागतो, जोर लावला की ती निसटते, आणि निसटली की ती बहुधा दुसऱ्या हातावर येते. हलक्या किमतीची पण धारदार पटाशी भारी किमतीच्या बोथट पटाशीपेक्षा केव्हाही अधिक काम देते; म्हणून पटाशी मध्यम प्रतीची आणि दगड उत्तम प्रतीचा, असा जमाखर्च जुळवावा.

विजेची फिरती करवत, राउटर, घासण्याचे यंत्र यांविषयी एवढेच सांगता येईल की, ती वेळ वाचवितात, आणि ज्याला वर्षाकाठी पाच-सहा पलंग करावयाचे असतील त्याने ती अवश्य घ्यावीत. एकाच पलंगासाठी ती घेणे म्हणजे विवाहाच्या एका मांडवासाठी साखर कारखाना काढणे होय. मात्र हत्यार हाताचे असो वा विजेचे, घासकामाच्या वेळी नाकातोंडावर मास्क हवाच. लाकडाच्या भुकटीला जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग-संशोधन संस्थेने १९९५ साली कर्करोगकारक पदार्थांत दाखल केले आहे.

सर्व सांधे प्रथम सरसाविना जुळवून पाहावेत आणि फीत कोपऱ्यापासून समोरच्या कोपऱ्यापर्यंत धरावी. सहा फुटी लांबी आणि अडीच फुटी रुंदी बाहेरून नेमकी असेल, तर कर्ण बरोबर साडेसहा फूट भरला पाहिजे, आणि दुसरा कर्णही तितकाच. तसे झाले तर पलंग गुण्यात आहे. एखादा सूत कमीजास्त निघाला तर दोष हुडकणेही सोपे, कारण हत्यारे मोजकी आणि प्रत्येकाचे काम ठरलेले: कुसवाचा खांदा तिरपा कापला गेला असेल तर करवत, कड वाकडी असेल तर रंधा, खोबण कललेली असेल तर विंधणे जबाबदार. पुढे याच हत्यारांनी टेबल करा, बाक करा की देव्हारा करा, सांधा तोच राहावयाचा. नवे काम हाती घेताना त्याला कोणता नवा सांधा लागतो एवढे पाहावे, आणि त्या सांध्याने मागितले तरच दुकानाची पायरी पुन्हा चढावी.